चौथ्या गाण्यानंतरची टकटक

संगमनेर,
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

चि. नारायण यास,

अनेक आशीर्वाद. अशी पद्धत आहे म्हणून लिहिलं. इकडे सर्व ठीक. प्रवरेला अजून पाणी आहे, पहाटे गारठा पडतो आणि माझे गुडघे माझ्याच वयाचे आहेत, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नाही. तुझं कुशल तू कळवत नाहीस. ते मला पेपरातून कळतं.

तुझी रेकॉर्ड मिळाली. कुरियरवाल्याने खोकं दारात उभं करून विचारलं, "मॅडम, काच हाय का आत?" मी म्हटलं, माझा भाऊ आहे, आपट खुशाल. त्याने उगाच घाबरून हळू ठेवलं. आत पत्र शोधलं. पुठ्ठ्याच्या घड्यांत बोटं घालून शोधलं. चिठ्ठीसुद्धा नव्हती. अकरा अल्बम झाले तुमच्या 'घाट रोड'चे, अकराही मला पाठवलेस आणि एकासोबतही दोन ओळी नाहीत. छत्तीस वर्षं गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला पोस्टकार्ड सापडत नाही हे मला पटत नाही.

आधीच्या दहांची पोच मी दिली नाही. या अकराव्याची देते आहे, कारण तू यावेळी हद्द केलीस.

कव्हरपासून सुरू करते. अल्बमचं नाव 'मुक्कामी गाडी'. नाव चांगलं आहे, म्हणजे तुझं नसणार. मागच्या बाजूला लिहिलं आहे की गायक आणि गिटारवादक नारायण हा 'दुष्काळी खेड्यात, अभावात वाढला'. संगमनेर दुष्काळी खेडं कधी झालं? आपले वडील, अप्पा, इथल्याच कोर्टात नक्कलकारकून. राहायला तीन खोल्या, दारात नळ, रविवारी श्रीखंड. तुला अभाव होता तो फक्त शिस्तीचा, आणि तोही मी भरून काढत होते. तुम्ही वाजवता ते ब्लूज अमेरिकेतल्या ज्या काळ्या लोकांनी रचलं त्यांच्या आज्या बाजारात उभ्या करून विकल्या गेल्या होत्या. त्यांना ते गाण्याचा हक्क होता. तुझ्या नशिबी दुःख म्हणून काय आलं? एक थोरली बहीण.

इंग्रजीबद्दल तर बोलूच नये. आठ इंग्रजी गाण्यांत मी सतरा चुका मोजल्या. दुहेरी नकार तू मुद्दाम वापरतोस हे मला माहीत आहे, तिकडे तशीच रीत आहे वगैरे. पण कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नाडेटने मला जे व्याकरण शिकवलं, तेच मी तुला याच टेबलावर, फूटपट्टी हातात घेऊन शिकवलं. तिने ऐकलं असतं तर तुझी जीभ साबणाने धुतली असती आणि नंतर माझी.

गाण्यांबद्दल. मी रेकॉर्ड एकदाच ऐकली. माझ्या पहिल्या पगारातला प्लेअर अजून चालतो. तीनच कॉर्ड आणि एक गाऱ्हाणं, यावर माणसाने आयुष्य काढावं याचं मला आश्चर्य वाटत आलं आहे. तुझा तो पारनेरचा कल्याण, ड्रमवाला, एवढा संथ का झाला आहे? पेपरातल्या शहाण्यानेही लिहिलं आहे की ढोलवादकाचं वय जाणवतं. खरं आहे. वरातीच्या बँडमध्ये होता तेव्हा घोडा त्याच्या पुढे पळायचा. आता घोडा वाट बघत उभा राहील.

त्याच शहाण्याने तुझं मात्र कौतुक केलं आहे. म्हणे यावेळी नारायणने सगळा अल्बम बोटात काचेची नळी घालून वाजवला, तारांवरून नुसता घसरत राहिला, आणि स्वरांना 'पूर्वी कधी नव्हता असा थरकाप' आला. पूर्वी कधी नव्हता, हे बरोबर आहे.

आणि नवव्या गाण्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही.

इथेच थांबते. चांगुणा भाकरी टाकायला आली आहे. तिला ओट्याशी उभं राहून माझ्याशी बोलायची सवय आहे आणि मला लिहिताना कोणी बोललेलं चालत नाही.

रविवार, १६

पत्र काल टाकणार होते. नाही टाकलं.

काल मी लिहिलं की रेकॉर्ड एकदाच ऐकली. ते खरं नाही. आठ दिवस झाले, रोज ऐकते आहे. चौथं गाणं किती वेळा लावलं ते मोजलेलं नाही.

चौथं गाणं संपतं. कल्याणची झांज विरते. तुमच्या रेकॉर्डमध्ये शेवट कापत नाहीत, खोलीतला आवाज तसाच राहू देतात, हे मला आधीच्या दहांवरून माहीत आहे (हो, तीही ऐकली आहेत). कोणीतरी खुर्ची सरकवतं. कोणीतरी श्वास सोडतं. आणि मग तीन-चार सेकंद अगदी बारीक आवाज येतो. टक टक टक टक. काच तारेवर आपटल्याचा. तू हात गिटारीवर नुसता ठेवलेला असणार. वाजवत नसणार. हात स्वस्थ ठेवलेला असताना तो आवाज येतो.

मी सिस्टरने दिलेला मेट्रोनोम, ते ताल मोजायचं यंत्र, काढला. त्याची धाव मिनिटाला दोनशे आठ ठोक्यांपर्यंतच, म्हणून दर ठोक्याला आवाज मोजले. सेकंदाला साडेचार.

मेट्रोनोमची गरज नव्हती. अप्पांची कपबशी. सकाळी साडेसहाला पडवीतून यायचा तो आवाज. अकरा वर्षं रोज ऐकला मी, कप अर्धाच भरायला लागले तरी थांबला नाही, स्टीलचा पेला दिला तर बशीऐवजी पेला अंगठीवर वाजायला लागला. तू सुट्टीला यायचास तेव्हा दोन-चार दिवस ऐकायचास आणि अंगणात जायचास गिटार घेऊन.

मग कव्हर पुन्हा पाहिलं. चौघं जण एसटीसमोर उभे. तिघांचे हात मोकळे. तुझा डावा हात पँटच्या खिशात. अप्पांनी दोन वर्षं हात खिशात घालून काढली, आठवतं? कोर्टात ज्यांच्या अक्षरातली नक्कल साहेब लोक भिंतीला लावायचे, ते मला म्हणायला लागले, "शोभा, एवढं पत्र तू लिही, माझा चष्मा सापडत नाहीये." चष्मा नाकावर असायचा. दोन वर्षं वाया गेली, आणि डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, आधी आला असतात तर गोळ्यांनी पुष्कळ दिवस हात हातात राहिला असता.

म्हणजे थरकाप. म्हणजे काचेची नळी. बोटं तारा दाबायला वेळेवर पोचत नाहीत म्हणून सगळा अल्बम घसरत वाजवलास, आणि पेपरवाला त्याला शैली म्हणतो. मूर्ख. तो नाही, तू.

सकाळी नऊ वाजता मी कल्याणला फोन केला. त्याचा नंबर ईराने मागे मला दिला होता. तुझी मुलगी तुझ्यापेक्षा शहाणी आहे, ती वर्षातून दोनदा तरी फोन करते.

"कोन?"

"मी शोभा. नारायणची बहीण."

"आगं आई. ताई, कोन वारलं?"

"कोणी वारलं नाही. नारायणच्या हाताला काय झालंय?"

"हाताला? कुटं काय. काय न्हाई."

"कल्याण, मी तेहतीस वर्षं पोरं शिकवली आहेत. कोण खोटं बोलतंय ते मला पाठमोरं कळतं."

"ताई, त्यानं शपत घातलीय वो."

"म्हणजे झालंय."

"ह्ये तुमी म्हनलात. मी न्हाई म्हनलो."

मग तो बोलायला लागला आणि थांबेना. दोन वर्षं झाली म्हणे. आधी डावा, आता उजवाही थोडा. "मी लय कमी करतो ताई, त्याच्या हाताला धरून. त्यो जिथं पोचल तिथं माझी काठी पडती. पोरं म्हनत्यात म्हातारं थकलं. म्हनू द्या. माझं काय जातंय?"

कालच्या पत्रात त्याच्याबद्दल घोड्याचं जे लिहिलं ते मी खोडणार होते. खोडत नाही. तू वाच, आणि ते लिहिणाऱ्या बाईला काय म्हणायचं ते म्हण.

"डॉक्टरकडे?" मी विचारलं.

"दौरा झाल्यावर जातो म्हनतो. जानेवारीत निघायचं, चाळीस गावं. मार्चअखेर परत."

"आणि ती टकटक ठेवली कशाला?"

"साऊंडवाला म्हनला, कापून टाकू. नारायन म्हनला, हात लावायचा न्हाई. आपला नेम हाय. एका खोलीत, एका दमात, जे आलं ते ठिवायचं. मी म्हनलो, आरं पर ह्ये कोनाला कळनार? तर म्हनला, ज्याला कळायचं त्याला कळंल."

फोन ठेवून मी चौथं गाणं पुन्हा लावलं.

त्या आवाजाला ओळखणारी माणसं जगात दोन उरली आहेत, नारायण. एक तू. खोक्यात चिठ्ठी नव्हती म्हणून मी आठ दिवस तुला शिव्या घातल्या. तीन-चार सेकंदांची होती ती. सरळ लिहायला काय झालं होतं? पेन धरता येत नाही का? तसं असेल तर तसं सांग. नसेल तर हा भ्याडपणा आहे. साठी उलटलेल्या माणसाने आपलं दुखणं रेकॉर्डवर ठेवून बहिणीच्या दारात सोडायचं, आणि तिला सापडतं का ते बघत बसायचं!

कल्याणने आणखी एक सांगितलं. मी विचारलं नव्हतं. ते उद्या लिहीन.

सोमवार, १७

काल सांगितलेलं नाही ते आधी लिहिते.

कल्याण म्हणाला, "ताई, दारू सोडून सत्तावीस वर्सं झाली त्याला. आन हाटेलात शिरला की पिशवी नंतर ठिवतो. आधी फोन उशाला वढतो. वायर पुरली न्हाई तर गादी खाली घेतो. आता मोबाईल हाय तरी बी खोलीतला फोन उशाला पायजेच. आमी पयल्यांदा हसायचो. आता कोन हसत न्हाई."



आता नववं गाणं. अल्बममधलं शेवटचं आणि एकमेव मराठी. मी शनिवारी लिहिलं की मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. चांगुणाला होतं.

आज सकाळी ती परातीत पीठ घेऊन उभी होती आणि रेकॉर्ड चालू होती. इंग्रजी गाण्यांना ती रोज एकच विचारते, "ह्यो मानूस गातोय का रडतोय?" मी म्हणते, दोन्ही, आणि एकही धड नाही. आज नववं गाणं लागलं आणि तिचे हात थांबले. तुझाच आवाज, तुझीच ओळ, एकच ओळ दोनदा म्हणायची तुमच्यात रीत आहे म्हणून दोनदा:

फोन वाजला असेल, मी झोपलो होतो
अरे फोन वाजला असेल, मी झोपलो होतो
तिकडे बाप जळत होता, मी कुशीवर वळलो होतो

चांगुणाने पिठाचे हात पुसले नाहीत. सुई उचलायला मी उठले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ऐकू द्या." सगळं ऐकलं. मग म्हणाली, "बाई, त्येंला अजून सांगितलं न्हाई व्हय तुमी?"

मी म्हटलं, काय सांगायचं?

"त्या दिशी फोनवरचं झाकान काडलंच न्हवतं तुमी. मी हितं चहाची भांडी घासत हुते की."

आणि भाकरी थापायला लागली.

सत्तावीस वर्षांत ती याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. मला वाटायचं तिला कळलं नसेल.

तुला आठवत असेल ते झाकण. क्रोशाचं, पांढरं, मीच विणलेलं. टेलिफोनवर घालायचे. तुझ्या हॉटेलांची यादी कॅलेंडरच्या मागे होती, तारखेवार, तुझ्या अक्षरात. बंगळूरच्या हॉटेलचा नंबर मला अजून पाठ आहे. तो मी त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत एकदाही फिरवला नाही.

अप्पा सकाळी सव्वासहाला गेले. सात वाजता सगळे जमले. भाऊकाका म्हणाले, "नारायणाला कळवलं का? त्याच्याशिवाय कसं उचलायचं? बंगळूरहून विमान असतं पुण्याला, रात्रीपर्यंत येईल. ठेवू उद्यापर्यंत." गुरुजीही म्हणाले, मुलगा असताना थांबावं. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. अकरा वर्षं त्यांना मी भरवलं, नारायण. त्यांची दाढी मी केली. रात्री कूस मी बदलली, दर दोन तासांनी, गजर लावून, आणि सकाळी शाळेत जाऊन पाठ घेतला. आणि अग्नी द्यायला तू विमानातून उतरणार. पायांत ते बूट, खांद्यावर गिटार. आणि सगळे म्हणणार, आला बिचारा, धावत आला.

मी पडवीतून आत गेले. फोनपाशी दोन मिनिटं उभी राहिले. बाहेर येऊन म्हटलं, "वाजतोय. कोणी उचलत नाही." अर्ध्या तासाने पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले. तिसऱ्यांदा भाऊकाका म्हणाले, "जाऊ दे, रात्री कार्यक्रम करून झोपला असेल, यांचं असंच." मग मडकं माझ्या खांद्यावर दिलं. एक वाजता प्रवरेच्या काठी अग्नी मी दिला.

त्याचं मला वाईट वाटत नाही. हे नीट वाच. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मीच देईन. तो माझा होता आणि मागून मिळाला नसता.

पण तू तिसऱ्या दिवशी आलास, दारातच बसलास, आणि विचारलंस, "ताई, सकाळीच फोन का नाही केलास?" तेव्हा मला खरं सांगता आलं असतं. लोक गेले होते. भांडण झालं असतं, तू दोन वर्षं बोलला नसतास, मग बोलला असतास. मी म्हटलं, "केला. तीनदा केला. वाजत राहिला." तू कपाळ उंबऱ्यावर टेकवलंस. आणि मला बरं वाटलं. ते मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. मला बरं वाटलं.

त्या एका वाक्यावर तू सत्तावीस वर्षं झोपतो आहेस. आणि आता त्याचं गाणं केलंस, आणि चाळीस गावांत थरथरत्या हाताने उभा राहून ते म्हणणार आहेस, आणि अनोळखी लोक टाळ्या वाजवणार.

ते गाणं खोटं आहे. फोन वाजला नाही. तू नुसता झोपला होतास, माणसं झोपतात तसा. गाण्यातून ती ओळ काढ, नाहीतर बदल, नाहीतर माझं नाव घालून गा. तुमच्यात बायकांवर राग काढणारी गाणी ढिगाने आहेत. एक आणखी. चाल तीच चालेल, कॉर्ड तुमच्याकडे तेवढेच आहेत.

आणि डॉक्टर दौऱ्यानंतर नाही. दौऱ्याआधी. या आठवड्यात. ईराला मी सांगणार आहे, तुझी परवानगी मागत नाही. गोळ्या चालू केल्यास कदाचित मार्चपर्यंत नळी बोटातून काढून वाजवशील. नाही काढलीस तरी जा. अप्पांची दोन वर्षं मी बघत बसले होते. तुझी बघणार नाही. तुझी कूस बदलायला मी येणार नाही, माझे गुडघे दुखतात. म्हणजे येईन. पण तोंड बंद ठेवून नाही.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवायचे, पत्र आधी कच्चं लिहा, मग पक्कं करा. मी जन्मभर तसंच केलं. हे पक्कं केलेलं नाही. तीन दिवसांचं जसं आलं तसं आहे, शनिवारच्या खोटेपणासकट. तुमचा नेम.

आज स्पीडपोस्टने टाकते आहे, बुधवार-गुरुवारपर्यंत मिळेल. वाचायला आणि मला शिव्या द्यायला तुला शुक्रवार आणि शनिवार आहेत. रविवारी, तेवीस तारखेला, सकाळी सव्वासहाला मी तुला फोन करणार आहे. झाकण आत्ताच काढून ठेवलं आहे. चांगुणाने ते धुवायला नेलं.

उचलायचा की नाही ते तू बघ. उशाला आहे, तिथेच राहू दे, आणि ऐकत पडून राहा वाटलं तर. मी लगेच ठेवणार नाही. तीनदा करीन.

वाजत राहील.

शोभा